हात कुठे संपतो?

'हँड' या इंग्रजी शब्दासाठी कोणी शब्दकोश उघडत नाही. पहिलीतले पोर बाराखडी पक्की होण्याआधी 'हँड म्हणजे हात' असे घोकून मोकळे होते. पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत आला, तेव्हापासून तर ते अधिकच. त्याआधीही हा शब्द आपल्याकडे हातपाय पसरून बसलेलाच होता. हँडलूम, हँडबिल, हँडब्रेक, सेकंडहँड सायकल, हँडल. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत हँडपंपाला 'बोरिंग' म्हणतात खरे. पण ती बिघडली की ग्रामपंचायतीच्या अर्जात 'हँडपंप नादुरुस्त' असेच लिहिले जाते. इतका घरचा झालेला शब्द आपल्याला कळलेला नाही, असे कोणी म्हटले तर वाचक हसतील. तरी मी ते म्हणणार आहे. कारण हँड म्हणजे हात हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत या जिल्ह्यात कधी कधी रुपयांत मोजावी लागते.

तुमसर तालुक्यातल्या शाळांत मी तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्या काळात तपासलेल्या वह्यांतली काही वाक्ये वर्षानुवर्षे जशीच्या तशी येत राहिली. मुले बदलली, पुस्तके बदलली, वाक्ये तीच. एका मुलाच्या हँडमध्ये घड्याळ असायचे, एका मुलीच्या हँडमध्ये बांगड्या असायच्या. डॉक्टर हँडवर इंजेक्शन द्यायचे. झाडावरून पडलेल्या भावाचा हँड मोडायचा आणि पुढच्या वाक्यात प्लास्टर दंडापर्यंत गेलेले असायचे. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यांत खोट नव्हती. पण इंग्रजाने ती वाचली असती तर त्याला वाटले असते, की या मुलीने बांगड्या मुठीत धरल्या आहेत आणि त्या डॉक्टरने सुई तळहातात टोचली आहे.

मुलांचा यात दोष काय? घड्याळ हातातच घालतात. काकण हातात असते म्हणूनच हातच्या काकणाला आरसा लागत नाही. लस दंडावर देतात, पण पोर घरी येऊन 'हात दुखतो' म्हणूनच रडते. मराठी हात खांद्यापाशी सुरू होतो आणि नखापाशी संपतो. इंग्रजी हँड मात्र मनगटापाशी थांबतो. मनगटाच्या वरचा सगळा ऐवज इंग्रजीत 'आर्म' या दुसऱ्या नावाने ओळखला जातो, आणि इंग्रजी माणूस या दोहोंत सहसा गल्लत करत नाही. आपण पायाच्या बाबतीतही असेच आहोत. 'लेग' आणि 'फूट' ही त्यांची दोन नावे, आपला पाय एकच. पण पायाची गोष्ट पुन्हा कधी.

ही सीमा किती जुनी आहे, याचा पुरावा मोजमापात सापडतो. इंग्रजांकडे 'हँड' नावाचे एक माप आहे. घोड्याची उंची ते आजही या मापाने सांगतात. हा हँड किती लांबीचा? चार इंचांचा, म्हणजे तळव्याच्या रुंदीएवढा. आता आपला हात घ्या. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा इंच. दोन विती म्हणजे एक हात, दोन हात म्हणजे एक वार, आणि नऊवारी लुगडे म्हणजे अठरा हात कापड. जुन्या संस्कृत ग्रंथांतही 'हस्त' हे माप चोवीस अंगुळांचे सांगितले आहे. इंग्रजांनाही कोपरापासूनचे माप माहीत होते. पण त्याला त्यांनी 'क्युबिट' म्हटले, आणि त्या नावाच्या मुळाशी लॅटिनमधले कोपर आहे, पंजा नव्हे. तेव्हा कोणी विचारले की हँड आणि हात यांत फरक किती, तर उत्तर देता येते. चार इंच आणि अठरा इंच. मेट्रिक मापे आल्यावर हात बाजारातून गेला. पण 'चार हात लांब राहा' म्हणताना आणि बारा हात लाकडाला तेरा हात धलपी काढताना तो अजून आपल्या तोंडात आहे.

कोणी म्हणेल, ही मराठीची दरिद्री अवस्था झाली. एवढ्या मोठ्या अवयवाला एकच शब्द? तसे मानण्याचे कारण नाही. सेसिल ब्राउन या अमेरिकन अभ्यासकाने जगातल्या ६१७ भाषांमध्ये हेच तपासले. त्यांतल्या २२८ भाषांत हात आणि बाहू यांना एकच शब्द निघाला, ३८९ भाषांत दोन. आपण काही एकटे नाही. हिंदीचा 'हाथ' आपल्यासारखाच लांब आहे आणि रशियन लोकांचा 'रुका' हा शब्दही खांद्यापासून बोटांपर्यंत पोचतो. ब्राउन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. दोन वेगळे शब्द असण्याचे प्रमाण थंड मुलखांकडे वाढते, विषुववृत्ताच्या जवळ कमी होते. त्यांनी त्याचा संबंध कपड्यांशी जोडला. जिथे अंगभर शिवलेले कपडे, लांब बाह्या आणि हातमोजे लागतात, तिथे बाहीच्या कडेला हात दोन तुकड्यांत दिसू लागतो. रशियनसारखे अपवाद आहेत, आणि हा तर्क सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना पटेलच असे नाही. पण श्रावणात आपल्या बांध्यांकडे पाहिले की तो मला पटतो. रोवणीला वाकलेल्या बायांचे हात कोपरापर्यंत चिखलात असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्याने रोवणे चाललेले. तिथे मनगट कुठे संपले आणि पुढचा भाग कुठे सुरू झाला हे चिखलच दिसू देत नाही. सगळा मिळून एक हात आणि तोच कामाला लागलेला.

शिवाय मराठीकडे तुकड्यांची नावे नाहीत असेही नाही. खांदा, दंड, कोपर, मनगट, पंजा, तळहात, अंगठा, करंगळी, एकेका बोटाची पेरे, सगळे आहे. कोपर ते मनगट या भागाला पुस्तकांत 'अग्रबाहू' म्हणतात. तो शब्द कोणाच्या तोंडी नाही, पण 'कोपराखालचा हात' म्हटले की कोणालाही कळते. गरज पडली की आपली माणसे हे शब्द अचूक वापरतात. याचे उत्तम उदाहरण निवडणुकीत मिळते. १९७८ साली इंदिरा गांधींच्या काँग्रेसने जे चिन्ह घेतले, त्याचे इंग्रजी नाव 'हँड'. मराठी मतदाराने ते चित्र पाहिले आणि त्याला 'पंजा' म्हटले. कारण चित्रात मनगटाच्या वर काही नव्हतेच! 'हँड'चे इतके नेमके भाषांतर एखाद्या समितीलाही जमले नसते. ज्याला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, त्याने ते सहज करून टाकले.

मग अडचण कुठे येते? कागदावर येते.

भंडारा हा हातांचा जिल्हा आहे, असे मी म्हटले तर ते अलंकारिक वाटू नये. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर जो भाग उरला, त्याच्या सात तालुक्यांत फिरून पाहा. भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांची, ती ठोक्यांनी घडली. मोहाडी आणि आंधळगावचा कोसा हातमागावर निघतो. तेंदूच्या पानात तंबाखू भरून विडी वळायची ती बोटांच्या शेंड्यांनी. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, वरठीला पोलाद होते, तुमसरला भाताच्या गिरण्या चालतात आणि दिवाळीच्या सुमारास गावोगावच्या खळ्यांवर पुंजणे चुरायला यंत्रे लागतात. पट्टा, रोलर, पाते आणि दाते असलेली ही यंत्रे. त्यांच्यासमोर सर्वांत आधी जातो तो हात. थ्रेशरमध्ये हात सापडण्याचे अपघात देशभर इतके होऊ लागले, की १९८३ साली त्यासाठी धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

अपघात झाला, की कागद सुरू होतात. कामावर असताना अपंगत्व आले तर भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ सालचा. मूळ नाव कामगार नुकसानभरपाई अधिनियम, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो आपल्यात सामावून घेतला. या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराचा एक विलक्षण नकाशा आहे. कुठला अवयव कुठे तुटला म्हणजे कमाईची क्षमता किती टक्के गेली, याचा तो तक्ता. हात खांद्याच्या सांध्यातूनच गेला तर ९० टक्के. खांद्याखाली आठ इंचांपेक्षा कमी खुंट उरला तर ८०. त्याच्या खाली, कोपराच्या टोकापासून साडेचार इंचांपर्यंत कुठेही तुटला तर ७०. आणि त्याहूनही खाली गेला, तर ६०.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. या चार ओळींपैकी 'हँड' हा शब्द फक्त शेवटच्या, ६० टक्क्यांच्या ओळीत येतो. 'लॉस ऑफ अ हँड' म्हणजे पंजा जाणे. पण मराठीत या चारही ओळींचे वर्णन एकाच वाक्यात होते. हात गेला. खांद्यातून गेला तरी हात गेला, मनगटातून गेला तरी हात गेला. जखमी माणसाची बायको पोलीस पाटलाला सांगते, 'त्याहिचा हात गेला जी'. ते वाक्य शंभर टक्के खरे असते. ते इंग्रजीत लिहिणारा कारकून 'लॉस ऑफ हँड' लिहितो. शब्दकोशाच्या दृष्टीने त्याचेही चुकत नाही. आणि तरीही एका शब्दाच्या प्रवासात माणसाचा कोपर गहाळ होतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका कुटुंबाने असाच एक कागद वाचायला माझ्याकडे आणला होता. एका भातगिरणीत पट्टा साफ करताना घरातल्या कर्त्या माणसाचा उजवा हात ओढला गेला होता आणि दवाखान्यात तो कोपराच्या वर कापावा लागला होता. गिरणीने तडजोडीच्या कराराचा मसुदा इंग्रजीत करून दिला होता. त्यात सगळे गोडीगुलाबीचे होते, रक्कमही होती, आणि दुखापतीच्या रकान्यात 'राइट हँड' एवढे दोनच शब्द होते. त्याच शब्दांवर ६० टक्क्यांचा हिशेब उभा केला होता. घरच्यांनी तो कागद शाळेत जाणाऱ्या मुलीकडून आधीच वाचून घेतला होता. तिने सांगितले, 'उजवा हात लिहिलंय, बरोबर आहे.' तिच्या मराठीने बरोबरच होते. शेवटी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून हात नेमका कुठे कापला हे इंचांत लिहिलेले प्रमाणपत्र आणले आणि त्यावर हिशेब नव्याने झाला. गिरणीवाल्याचा हेतू वाईट होता की लिहिणाऱ्याला फरकच ठाऊक नव्हता, याचा निवाडा मी करत बसत नाही. हेतू चांगला असता तरी रक्कम तीच झाली असती.

फरक किती पडतो? समजा कामगाराचे वय चाळीस आणि वेतन महिना पंधरा हजार. १९२३ च्या कायद्याच्या हिशेबात २०२० पासून हीच कमाल मर्यादा धरली जात होती. पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढायची तर वेतनाचे ६० टक्के, म्हणजे नऊ हजार, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळिशीला तो १८४.१७. उत्तर येते १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. याचे ६० टक्के म्हणजे ९ लाख ९४ हजार ५१८. ९० टक्के म्हणजे १४ लाख ९१ हजार ७७७. मनगट आणि खांदा यांच्यातले अंतर जवळजवळ पाच लाख रुपये आहे. दीड-दोन एकर धानावर चालणाऱ्या घरात पाच लाख म्हणजे मुलीचे शिक्षण, सावकाराची सुटका आणि वर एक दुभती म्हैस.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की शेवटचा शब्द डॉक्टरांचा असतो, कारकुनाचा नाही. खरे आहे. प्रकरण नुकसानभरपाई आयुक्तांपुढे लढले गेले, तर वैद्यकीय पुरावा येतो आणि शब्दांची चूक सुधारते. पण सगळी प्रकरणे लढली जात नाहीत. पुष्कळशी घराच्या ओसरीवर, चहाच्या कपावर आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांवर मिटतात. तिथे पहिला कागदच शेवटचा ठरतो. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी करण्याची अधिसूचना १९९८ सालीच निघाली आहे. पण ओसरीवरच्या करारांची भाषा मराठी करणारी अधिसूचना कोण काढणार?

दुसरा आक्षेप आमच्यासारख्या इंग्रजीच्या मास्तरांकडून येईल. ते म्हणतील, लोकांना शुद्ध इंग्रजी शिकवा, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांना मी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे नेतो. १९७५ च्या डिसेंबरात निकाल लागलेला प्रतापनारायण सिंह देव यांचा खटला कामगार कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. ओरिसातला एक सुतार चित्रपटगृहाचे काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. तक्ता पाहिला तर टक्केवारी शंभराहून कमी भरत होती, आणि मालकाचे म्हणणेही तेच होते. पण आयुक्तांनी पूर्ण अपंगत्व धरले. त्यांनी लिहिले, की डावा हात कोपराच्या वर गेल्यामुळे हा माणूस सुतारकामाला निकामी झाला आहे; सुतारकाम एका हाताने होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष उचलून धरला. आता त्या आयुक्तांनी इंग्रजीत कोणता शब्द वापरला? 'हँड'. कोपराच्या वर गेलेला हँड! लंडनमधल्या मास्तराने त्याखाली लाल रेघ ओढली असती, कारण त्याच्या भाषेत हँडला कोपरच नाही. पण भारतातल्या कोणालाही ते वाक्य खटकले नाही. तो शब्द कपडे इंग्रजी घालून आला होता, आत मात्र आपलाच अठरा इंचांचा हात होता.

मला या निकालात दोन गोष्टी दिसतात. एक, आपल्या इंग्रजीतला हँड हा इंग्रजांच्या हँडहून लांब आहे, हे आता मान्य करावे. वहीत तसे लिहिणाऱ्या पोराला ढ ठरवू नये. त्याला सीमा कुठे आहे एवढे दाखवून द्यावे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. त्या आयुक्तांनी आधी इंच मोजले नाहीत, आधी विचारले की हा माणूस काय काम करत होता. तक्त्यापुरते पाहिले तर सगळे हात सारखे. अंगठा गेला की ३० टक्के, अंगठ्याजवळचे बोट गेले की १४, मधले गेले की १२, अनामिका किंवा करंगळी गेली की ७. हे भाव हमालाला तेच आणि विडी वळणारीलाही तेच. पण विडी वळणारीचे एक बोट गेले तर तिची शंभर टक्के कमाई जाते, हे तिच्या शेजारणीला सांगावे लागत नाही. सुताराच्या निकालाने तक्त्याच्या पलीकडे पाहण्याची वाट उघडी ठेवली आहे. त्या वाटेवर जायचे तर अर्जात केवळ अवयव लिहून भागत नाही, त्या अवयवाचे काम लिहावे लागते.

याच ठिकाणी दोन भाषांतला एक जुना फरक समोर येतो. इंग्रजीत 'हँड' या शब्दाला 'मजूर' असाही अर्थ आहे. कारखान्यात किती हँड्स आहेत, शेतावर किती हँड्स लागतील, असे ते विचारतात. डिकन्सने १८५४ साली 'हार्ड टाइम्स' लिहिली, तेव्हा गिरणीकामगारांना सरसकट 'हँड्स' म्हणण्याच्या या रीतीवर त्याने बोचरा उपहास केला होता. हँड म्हटले की मोजणारा मालक असतो. माणसाचे डोके, पोट, घरदार बाजूला राहते; मनगटापाशी तोडलेला पंजा तेवढा हजेरीपटावर येतो. आपणही 'चार हात लागले की काम उरकते' म्हणतोच. पण आपल्या हाताचे खरे वाक्प्रचार दुसऱ्या बाजूने बोलतात. हाताला काम हवे, असे आपण म्हणतो. इथे हात मागणारा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी केली, तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि पुढे २००५ साली देशाने त्याच वाटेने कायदा केला. 'मागेल त्याला काम' हे त्या योजनेचे ब्रीद. त्यात हात मोजलेले नाहीत, हातांचे ऐकले आहे.

आणि मग तो शब्दप्रयोग, ज्याला इंग्रजीत जोड सापडत नाही. हातावर पोट. इंग्रज 'हँड टु माउथ' म्हणतो; हातात आले ते तोंडात गेले, शिल्लक काही नाही. त्यात फक्त घाई आहे. मराठीने सगळे पोटच उचलून हातावर ठेवले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा वर्तमानपत्रांत हा शब्दप्रयोग रोज येऊ लागला. भंडाऱ्यावरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गावर डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे चालताना दिसत होती, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावावा लागला नाही. कायदा ज्याला 'कमाईच्या क्षमतेची हानी' असे म्हणतो, ते मराठीत आधीपासून दोन शब्दांत सांगून ठेवलेले आहे. हात गेला की त्यावरचे पोट खाली पडते. सुताराच्या खटल्यात न्यायाला हेच सांगायचे होते.

तेव्हा करायचे काय? माझी मागणी फार मोठी नाही. तिला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. अपघाताचा पहिला जबाब मराठीत लिहावा आणि त्यात केवळ 'हात' असे लिहून थांबू नये. खांद्यातून, दंडातून, कोपराच्या वर, कोपराखाली, मनगटातून, पंजा, अंगठा, कुठले बोट, कितवे पेर, असे लिहावे. हे सगळे शब्द जबाब देणाऱ्याला येतात. विचारणाऱ्याने विचारले पाहिजेत. प्रमाणपत्रात डॉक्टर इंच किंवा सेंटिमीटर लिहितातच. त्याखाली एक ओळ मराठीत लिहायला त्यांना अर्धा मिनिट लागेल. सोबत जखमी माणूस कोणते काम करत होता आणि ते आता त्याला जमेल का, हेही यावे. मराठीत छापील नमुना करायचा झाला तर १९६० पासून काम करणारे भाषा संचालनालय आहेच. त्याने आजवर परिभाषा कोशांच्या राशी घातल्या. त्यांत एक पानाची भर घालावी, आणि ती घालताना 'अग्रबाहू'ऐवजी 'कोपराखालचा हात' लिहिण्याचे धाडस दाखवावे. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला. भाषेचा दर्जा दिल्लीतल्या मान्यतेने वाढतो तसा गिरणीच्या दारातल्या जबाबानेही वाढतो.

शाळेत काय करावे? तिथे माझा अधिकार चालतो म्हणून निश्चित सांगतो. पहिलीच्या पुस्तकात हाताचे चित्र असते आणि त्याखाली 'हँड' लिहिलेले असते. शिक्षकांनी त्या चित्राच्या मनगटावर खडूने एक रेघ ओढावी. रेघेच्या खाली हँड, रेघेच्या वर आर्म, आणि दोन्ही मिळून आपला हात. एवढे सांगितले की पुरे. मुलांना त्यात गंमत वाटते, आपली भाषा अपुरी असल्याची लाज वाटत नाही, आणि दोन भाषा एकच जग वेगवेगळ्या ठिकाणी कापतात हे वयाच्या सहाव्या वर्षी कळते. त्या वर्गातली एखादी मुलगी पुढे घरात आलेला इंग्रजी कागद वाचेल. 'उजवा हात लिहिलंय, बरोबर आहे' असे म्हणण्याआधी तिने विचारावे, 'कुठपर्यंतचा?' भाषाशिक्षणाकडून या जिल्ह्याने एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.